घाट उतरणाऱ्या ट्रेलरचे व्हॉल्व्ह स्प्रिंग : कामाच्या नोंदी

५ मे २०२४, रविवार

दाजींचा ट्रेलर न्हावाशेवा-चाकण कंटेनर मारतो. इंजिन कमिन्सच्या बी सीरीजचं, ५.९ लिटर, सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, मेकॅनिकल पंप. जमशेदपूरहून टाटा कमिन्सची ही इंजिनं इतकी वर्षं ट्रकांत येत होती की कळंबोलीत याचा कुठलाही पार्ट चहा संपायच्या आत हातात पडतो. म्हणून मला हे इंजिन आवडतं. कॉम्प्युटर नाही, लपवाछपवी नाही.

तक्रार ड्रायव्हरकाकांची. चाकणहून भरलेला कंटेनर घेऊन घाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेकचं (धुराचा रस्ता फ्लॅपने अडवून इंजिनाकरवी गाडी धरणाऱ्या ब्रेकचं) बटण दाबलं की गाडी आधी चांगली धरते. मग आरपीएम चढले की हेडातून (इंजिनाच्या वरच्या भागातून) फडफड ऐकू येते आणि ब्रेक अर्धाच राहिल्यासारखा वाटतो. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने फ्लॅप बदलला, दुसऱ्याने एअर सिलिंडर. फरक शून्य.

आज मी स्वतः बसून गेलो. निघण्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या पाईपला) एक आटा काढून तांब्याची लांब नळी जोडली आणि गेज केबिनमध्ये आणला. नळी लांब ठेवावीच लागते, नाहीतर गरम गॅसने गेजचं आयुष्य एका घाटात संपतं. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना ब्रेक दाबला. १८०० आरपीएमला काटा २.२ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला). पुढे २००० ला अडीचच्या जरा खाली. त्यानंतर काका मुद्दाम २४०० पर्यंत जाऊ देत होते, तरी काटा अडीचच्या पुढे सरकेना, नुसता थरथरत राहिला, आणि नेमकी तेव्हाच ती फडफड.

फ्लॅप गळत असता तर दाब सुरुवातीपासून कमी दिसला असता. इथे दाब ठरावीक आकड्यापर्यंत छान चढतोय आणि तिथेच अडतोय. कुकरच्या शिट्टीसारखं काहीतरी आत उघडतंय. मॅनिफोल्डच्या दाबाने उघडू शकेल अशी एकच गोष्ट तिथे आहे : एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

८ मे, बुधवार

या इंजिनाची एक सोय म्हणजे प्रत्येक सिलिंडरचं रॉकर कव्हर वेगळं, एका बोल्टवर. एक नंबरचं काढलं, दोन्ही स्प्रिंग उतरवले आणि तळोजा एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांकडे नेले. त्यांच्याकडे स्प्रिंग टेस्टर आहे. मोकळी लांबी नव्या स्प्रिंगची साठ मिमीच्या आसपास असते, हे ५९.३ निघाले. बसवायची उंची ४९.२५ मिमी, त्या उंचीला किमान साडेएकोणतीस किलोचा दाब हवा. आमचे २८ ला थांबले. लाखो किलोमीटर चाललेल्या स्प्रिंगने याहून जास्त काय करावं!

काका म्हणाले, "कंपनीचेच नवे टाक की, एवढं काय!" पण मला आधी हिशोब करून बघायचा होता, आणि तो त्यांच्या टेबलावर खडूनेच केला.

एक्झॉस्ट सीटचा (व्हॉल्व्ह जिथे टेकून बसतो त्या कड्याचा) आतला व्यास ३९ मिमी मोजला. क्षेत्रफळ १२ चौरस सेंटिमीटरला जरासं कमी. त्यातून ८ मिमी स्टेमचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याचं, अर्धा वजा केलं की उरतं साधारण साडेअकरा. एक्झॉस्ट ब्रेक चालू असताना मॅनिफोल्डमधला गॅस व्हॉल्व्हच्या पाठीवर दाबतो, म्हणजे त्याला सीटवरून खाली सिलिंडरमध्ये ढकलतो. इनटेक स्ट्रोकला समोरून, सिलिंडरच्या बाजूने, विरोध जवळजवळ नसतो. इंधन बंद असल्याने टर्बोही तेव्हा झोपलेला असतो. मग व्हॉल्व्हला सीटवर धरून ठेवणारा एकटा स्प्रिंग. २८ किलोला साडेअकराने भागा : २.४३. गेजचा काटा अडीचच्या जरा खाली का अडकला होता ते कळलं. हिशोब आणि गेज इतके जुळले की काकांनी खडू माझ्याकडून घेऊन स्वतः पुन्हा भागाकार केला.

म्हणजे आमचा स्प्रिंग सेफ्टी व्हॉल्व्हचं काम करत होता. नवे स्टँडर्ड टाकले तरी ३० किलोच्या आसपासच मिळणार, म्हणजे उघडायचा दाब २.६. फडफड थोडी उशिरा सुरू होईल, एवढंच. एक्झॉस्ट ब्रेकसाठी जड स्प्रिंग मिळतात ते याचसाठी. ६० पीएसआय, म्हणजे ४.२ किलोपर्यंतचा बॅकप्रेशर झेलता यावा म्हणून.

आणि दुसरी बाजू आरपीएमची. इथे गव्हर्नर २५०० ला इंधन तोडतो, पण घाटात चाकंच इंजिनाला फिरवतात, तेव्हा गव्हर्नर काही करू शकत नाही. ३००० ला गेलं की रॉकर, पुशरॉड आणि व्हॉल्व्हच्या वजनाला आवरायला लागणारं बळ २५०० च्या जवळजवळ दीडपट होतं, कारण ते आरपीएमच्या वर्गाने वाढतं. ढिला स्प्रिंग तिथेही हरतो.

दाजींना फोन केला. "बारा स्प्रिंग, बारा सील आणि थोडे शिम, स्प्रिंगखाली घालायच्या चकत्या. हेड उतरवायचं नाही." हेड उतरवायचं नाही म्हटल्यावर त्यांनी पुढचं ऐकलंच नाही, हो म्हणाले.

१० मे, शुक्रवार

अक्षय तृतीया. दाजींच्या आग्रहाखातर खरेदी आजच. स्टील मार्केटच्या बाजूच्या दुकानात दोन प्रकारचे जड स्प्रिंग दाखवले. एकाचा दाब सीटवरच ७० किलोच्या वर. दुकानदाराचं म्हणणं, घ्यायचं तर सर्वात भारी घ्या. मी नाही घेतले. या इंजिनाचे टॅपेट (कॅमवर बसून पुशरॉड वर ढकलणारे) सपाट तळाचे, रोलर नाहीत. जितका स्प्रिंग जड, तितका कॅम आणि टॅपेट एकमेकांना घासणार, प्रत्येक फेऱ्याला, सपाट रस्त्यावरसुद्धा जिथे त्या दाबाची काही गरज नाही. ट्रॅक्टर-पुलिंगच्या शर्यतीत उतरणाऱ्याचं गणित वेगळं. आपल्याला पनवेल ते चाकण जायचंय.

घेतलेले स्प्रिंग ४९.२५ ला ४७ किलो देतात. बारा नगांपैकी प्रत्येक टेस्टरवर टाकून बघितला. अकरा ४६.५ ते ४७.५ च्या आत, एक ४४ ला. तो परत दिला, बदलून आणला. पाकिटावर छापलेला आकडा आणि आतला स्प्रिंग यांचं नातं दरवेळी तपासून घ्यायचं असतं.

दर मिमीला ३.७ किलो असा यांचा दर निघाला. कॉइल एकमेकांना टेकतात ती उंची ३५.६ मिमी.

शिम घेतले तीन जाडीचे : १५, ३० आणि ६० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८, ०.७६ आणि १.५२ मिमी. कडक केलेले, दोन्ही बाजूंनी ग्राइंड केलेले. साठ थाऊचे लागणार नाहीत असा अंदाज होता. लागले असते तर तो सीट बदलायचा इशारा मानला असता.

११ मे, शनिवार. सिलिंडर १ आणि ६

सकाळी सहालाच सुरुवात, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना. हेड न उतरवता स्प्रिंग काढायचे तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू नये याची सोय लागते. काही जण इंजेक्टर काढून त्या जागी हवा भरतात. मला ती पद्धत आवडत नाही. पिस्टन नेमका वर नसेल तर हवा क्रँक फिरवते आणि व्हॉल्व्ह हातातून निसटतो. या इंजिनात पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, असताना तो हेडच्या इतका जवळ असतो की सुटलेला व्हॉल्व्ह पिस्टनच्या माथ्यावरच टेकतो, खाली जायला जागाच नसते. टीडीसीला एकदम दोन पिस्टन वर येतात. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, त्यामुळे जोड्या १-६, ५-२, ३-४. फ्लायव्हील हाऊसिंगमधून बारिंग टूलने इंजिन फिरवायचं, टायमिंग पिनने एक नंबरचं टीडीसी पकडायचं आणि पुढच्या जोडीसाठी प्रत्येक वेळी १२० अंश.

एक भानगड लक्षात ठेवण्यासारखी आहे. रॉकरचा पेडेस्टल दोन बोल्टांवर असतो, एक लहान ८ मिमीचा आणि दुसरा लांब हेड बोल्ट. हेडच्या २६ बोल्टांपैकी ६ असे पेडेस्टलमधून खाली जातात. म्हणजे रॉकर काढायचा तर हेड बोल्ट सोडावाच लागतो. म्हणून एका वेळी दोनच सिलिंडर, इंजिन पूर्ण थंड, आणि ती जोडी बंद केल्याशिवाय पुढची उघडायची नाही. सगळे सहा एकदम सोडून बसलेले पाहिलेत मी. नंतर हेड पॅकिंगला दोष देतात.

जुने स्प्रिंग निघाले. सहा नंबरच्या एक्झॉस्टखाली एक अनपेक्षित गोष्ट : हार्डवेअरच्या दुकानातला साधा वॉशर. मागे कधी हेडचं काम झालं तेव्हा कुणीतरी टाकलेला. मऊ लोखंड, स्प्रिंगने त्यात गोल खाच पाडलेली आणि त्याची पूड गाइडभोवती ग्रीससारखी साचलेली. ही पूड पुढे ऑइलमध्ये जाते. तो वॉशर काढून बाटलीत ठेवला, पोऱ्यांना दाखवायला.

आता मोजमाप. खरा वेळ इथेच जातो, आणि जायला हवा. सीट पुन्हा कापली, व्हॉल्व्ह ग्राइंड केला, की व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा आत बसतो आणि त्याचं टोक तेवढंच वर येतं. टोक वर म्हणजे रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) वर, रिटेनर वर म्हणजे स्प्रिंगला जास्त जागा, जास्त जागा म्हणजे कमी दाब. तोच स्प्रिंग, तरी प्रत्येक सिलिंडरला वेगळा दाब. शिम ही तफावत भरून काढण्यासाठी असतात. दाब वाढवायचा तर स्प्रिंग बदला; शिम घालून दाब चढवत बसायचं नसतं. शिमने फक्त सगळ्यांना एका उंचीवर आणायचं.

पद्धत अशी : स्प्रिंगशिवाय रिटेनर आणि लॉक (रिटेनर व्हॉल्व्हला अडकवणारे तुकडे) व्हॉल्व्हवर बसवायचे, रिटेनर हाताने वर ओढून व्हॉल्व्ह सीटवर घट्ट धरायचा, आणि स्प्रिंग बसतो त्या जागेपासून रिटेनरच्या खालच्या बाजूपर्यंत मोजायचं. त्यासाठी लेथवाल्या काकांनी दोन भागांची आट्याची नळी करून दिली. ती आत फिरवून टेकवायची, मग बाहेर काढून व्हर्नियरने मोजायची. प्रत्येक व्हॉल्व्हचं माप मी घेतलं, मग न सांगता पोऱ्याला घ्यायला लावलं. दोघांचं जुळलं तरच वहीत.

एक नंबर एक्झॉस्ट ४९.८०, सहा नंबर ४९.६०. दोन्ही ठिकाणी ०.३८ चा शिम. उरलं ४९.४२ आणि ४९.२२. इनटेक दोन्ही ४९.३ च्या आसपास, शिम नको. इनटेकची सीट एवढी तापत नाही, मारही कमी खाते, म्हणून ती सहसा कमी बसलेली असते.

शिमचं भोक गाइडच्या कॉलरभोवती सरळ बसलं पाहिजे, आणि खालची जागा आधी कापडाने नव्हे, ब्रशने साफ करायची. एक वाळूचा कण खाली राहिला तर तो स्वतःच शिम होतो. सील नवे. स्प्रिंग दाबायला पेडेस्टलच्या भोकांत बसणारी लोखंडी पट्टी केली होती, दोन्ही स्प्रिंग एकदम दाबते. लॉक बसल्यावर टोकावर चामड्याच्या हातोडीने दोन टकटक, चष्मा लावून. लॉक अर्धवट बसलेला असेल तर तो तेव्हाच उडावा, गाडी खंडाळ्यात असताना नव्हे.

हेड बोल्ट : लांबी गेजवर तपासली, आटे आणि डोक्याखाली ऑइल, आधी ९० न्यूटन-मीटर, मग १२०, मग खूण करून ९० अंश. पेडेस्टलचा लहान बोल्ट २४.

१२ मे, रविवार. सिलिंडर ५ आणि २

कालच्यासारखंच. दोन नंबर एक्झॉस्ट ४९.९०, तिथे ०.७६ घालून ४९.१४. पाच नंबर ४९.७०, ०.३८ घालून ४९.३२.

दुपारी डायल गेज लावून लिफ्ट मोजली, व्हॉल्व्हची पूर्ण उघड साधारण ११ मिमी. मग ४९.१४ वजा ११ म्हणजे ३८.१४. कॉइल टेकायची उंची ३५.६, अडीच मिमी मोकळी जागा. दीड मिमी असती तरी मी निवांत झोपलो असतो. रिटेनर आणि सील यांच्यात पूर्ण उघडीला तीन मिमीच्या वर. पुशरॉड काचेवर गडगडवले, सगळे सरळ.

लिफ्ट मोजण्याचा आणखी एक फायदा. एखादा कॅमचा लोब घासला असता तर तिथे लिफ्ट कमी आली असती. मोजलेल्या चारही व्हॉल्व्हच्या लिफ्टमध्ये दहा-शतांश मिमीपेक्षा जास्त फरक नाही. घासलेल्या कॅमवर जड स्प्रिंग टाकणं म्हणजे त्याचं मरण जवळ आणणं, त्यामुळे हे बघितल्याशिवाय पुढे गेलो नसतो.

१३ मे, सोमवार. सिलिंडर ३ आणि ४

मावळ मतदारसंघाचं मतदान, म्हणून कळंबोलीत अर्धी दुकानं बंद. पोऱ्या मत देऊन दहाला आला, बोट दाखवत. पहिलं मत.

तीन नंबर एक्झॉस्ट सगळ्यात खोल बसलेला, ५०.१५. ०.७६ घालून ४९.३९. चार नंबर ५०.००, तोही ०.७६, ४९.२४. तीन नंबरला इथे मोह होतो अजून एक १५ थाऊचा घालायचा. ४९.०१ झालं असतं, आणि तो एकटाच बाकीच्यांपेक्षा जड झाला असता. नाही घातला. सहाही एक्झॉस्टची उंची आता ४९.१४ ते ४९.४२ मध्ये. ०.२८ चा फरक, गुणिले ३.७, म्हणजे एक किलोच्या आसपास. शिम न घालता हाच फरक दोन किलो झाला असता आणि खोल बसलेला तीन नंबर सगळ्यात आधी फडफडला असता.

चार नंबरचे लॉक बसवत होतो तेव्हा पश्चिमेकडून आभाळ पिवळं झालं. मी म्हटलं पाऊस. पाऊस नंतर आला, आधी धूळ आली. कळंबोलीत धूळ नवी नाही, पण ही भिंतच होती. दोन सिलिंडर उघडे, पुशरॉडची भोकं थेट खाली ऑइलमध्ये. पोऱ्याने अंगातला शर्ट काढून तीन नंबरवर टाकला, मी चार नंबरवर ताडपत्री धरून बसलो, शटर अर्ध्यावर आणेपर्यंत तोंडात वाळू. बाकीच्या चारांची कव्हरं लावलेली होती, हे जोडीजोडीने काम करण्याचं आणखी एक बक्षीस.

वारा पडल्यावर दोन्ही सिलिंडरचा वरचा भाग डिझेलने पुन्हा धुतला. दोन्ही नवे स्प्रिंग उतरवून खालचे शिमसुद्धा पुसले. तीन नंबरच्या शिमखाली खरोखर कण होते. रात्री त्याच वादळात घाटकोपरचं होर्डिंग कोसळल्याची बातमी बघितली आणि त्या शर्टाबद्दलची थट्टा थांबली.

१४ मे, मंगळवार

टॅपेट सेटिंग, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट. इंजिन थंड, इनटेक १० थाऊ, एक्झॉस्ट २० थाऊ. एक नंबर फायरिंगच्या टीडीसीला असताना इनटेक १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५. मग क्रँक एक पूर्ण फेरा, इनटेक ३, ५, ६ आणि एक्झॉस्ट २, ४, ६. जड स्प्रिंगने हातात फरक लगेच जाणवतो, फिलर गेज सारखीच सरकते पण इंजिन हाताने फिरवताना खांदा दुखतो.

ऑइल आणि फिल्टर बदलले. धुळीनंतर तो प्रश्नच नव्हता. सेल्फ मारला, दुसऱ्या सेकंदाला ऑइल प्रेशर, आवाज स्वच्छ. पाच मिनिटांनी बंद करून कव्हरांच्या कडा बघितल्या. कोरड्या.

१९ मे, रविवार

तोच घाट, तसाच भरलेला कंटेनर, तोच गेज. १८०० ला पुन्हा २.२, तिथे फरक पडायचं कारणच नव्हतं. २००० ला २.७. २४०० ला ३.६ आणि काटा स्थिर. फडफड नाही. ३.६ गुणिले साडेअकरा म्हणजे ४१ किलो. स्प्रिंग धरतोय ४६-४७. पाच किलो हाताशी आहेत, त्यामुळे फ्लॅपचं भोक बुजवून दाब आणखी चढवायची गरज नाही, आणि कुणी सुचवलं तरी करणार नाही. मॅनिफोल्ड आणि टर्बोचे सीलही त्याच दाबात असतात.

ड्रायव्हरकाका खोपोलीपर्यंत काही बोलले नाहीत. खाली आल्यावर पायाचा ब्रेक किती वेळा लागला ते मोजत होते म्हणे. आकडा सांगितला नाही, पण मागच्या ड्रमला हात लावून "हात टेकवता येतोय," एवढंच म्हणाले.

दाजींचा प्रश्न वेगळा, "ॲव्हरेज वाढेल का?" नाही वाढणार. झाला तर ब्रेक लायनरचा खर्च वाचेल.

२ जून, रविवार

टॅपेट पुन्हा तपासले. दहा जागच्या जागी, एक्झॉस्ट ३ आणि ४ दोन-दोन थाऊने कमी झालेले. हे दोन सर्वात खोल बसलेले व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे सीट अजून झिजत आहे. दोन्ही २० ला आणले आणि वहीत तारीख, किलोमीटर टाकून ठेवलं. पुढच्या ऑइल बदलीला हे दोन पुन्हा मोजायचे. तेव्हाही कमी भरले तर पावसाळ्यानंतर हेड उतरवून या दोन सीट नव्या बसवायच्या. मग तिथले ३० थाऊचे शिम काढावे लागतील. दाजींना तसं आजच सांगून ठेवलंय.